जिवाणूंची साक्ष
(नीरा नरसिंहपूर येथील जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



बैठकीची जागा नरसिंहपूर ठरली तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारले, कपाशी-ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यांची बैठक आणि ती दोन नद्यांच्या संगमावर कशाला? ज्यांच्या शिवारात नदी नाही, कालवा नाही, त्यांनी नदीच्या पाण्याची चिंता का वाहायची? प्रश्न रास्त आहे. नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या अमदानीत झाला, उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्या पाण्यावर ज्यांचे ऊस उभे राहिले ते शेतकरी वेगळे आणि पावसाकडे डोळे लावून बसणारे आपण वेगळे. पाणी त्यांच्या वाट्याला आणि त्यातल्या घाणीची चर्चा आपल्या वाट्याला, हा कुठला न्याय?

पण जरा हिशेब मांडून पाहा. पाऊस दडी मारतो त्या साली आपल्या वस्तीवर टँकर येतो. तो कुठून भरून येतो? पुष्कळदा नदीकाठच्या विहिरीवरूनच. जनावरांना कडबा पुरत नाही म्हणून आपण उसाचे वाढे आणि मका विकत आणतो, ती वैरण याच पाण्यावर वाढलेली. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी, ती म्हणजे गाळ. २०१७ साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली. त्याआधीही आपण तळ्यातला गाळ माळावर ओढत होतोच. हलक्या रानात गाळ पडला की ओल धरते आणि शाळू हाताला लागतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. गावतळ्याचा गाळ म्हणजे आपल्याच रानातून वाहून गेलेली माती, ती परत आणली तर त्यात वावगे काही नाही. पण शहरांच्या आणि कारखान्यांच्या खालच्या अंगाला साचलेला गाळ ही गोष्ट निराळी आहे. पाणी येते आणि जाते. रानात टाकलेला गाळ मात्र तिथेच राहतो, आपल्या नातवंडांपर्यंत.

म्हणून हा विषय इथे, या घाटावर मांडायचा. वरून भीमा येते. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटेने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी तिच्यात उतरते, उजनीच्या पोटात काही काळ थांबते आणि पुढे इथे येते. पश्चिमेकडून कऱ्हेला पोटात घेऊन नीरा येते, तिच्या खोऱ्यात जेजुरी आहे, बारामती आहे, साखर कारखाने आहेत. इथून पुढे हेच पाणी पंढरपूरला जाते. कोणत्या कारखान्याने काय सोडले हे सांगायला आम्ही इथे उभे नाही, पुराव्याशिवाय बोट दाखवणे आमच्या स्वभावात नाही. आजचा विषयच पुराव्याचा आहे. पाण्यात आणि गाळात विष आहे की नाही हे शेतकऱ्याला कळावे कसे?

तपासणीचा कागद काय सांगतो

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. देशात ३५१ पट्टे, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात. भीमाही त्यात आहे आणि नीराही. यादी कशावरून केली? पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्या मापावरून. माप चांगले आहे. मैला, मळी, उष्टे-खरकटे यांचा अंदाज त्यावरून येतो. पण शिसे कुजत नाही. पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, यांतले काहीच कुजत नाही. त्यामुळे या मापात ते दिसतही नाहीत. पाणी या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होईल आणि त्यात कॅडमियम असेल, असे होऊ शकते.

आमच्यातले काही जण एकदा विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन एका प्रयोगशाळेत गेले होते. कागद मिळाला. त्यावर सामू होता, क्षार होते, कठीणपणा होता, शेवटी ‘पाणी सिंचनास योग्य’ असा शिक्का. जड धातूंचे काय, असे विचारले तर उत्तर मिळाले की त्याची फी वेगळी, यंत्र दुसरीकडे, आणि एकेका धातूचे पैसे वेगळे. कोणता धातू तपासायचा ते तुम्हीच सांगा. आता कोणता धातू आहे हे आम्हाला ठाऊक असते, तर बाटली घेऊन एवढ्या लांब कशाला गेलो असतो?

घरच्या उपायांचेही इथेच सांगून टाकतो. पाणी उकळले की रोगजंतू मरतात, धातू तसाच राहतो. उलट पाणी आटले म्हणजे उरलेल्या पाण्यात तो थोडा जास्तच होतो. ब्लीचिंग पावडरचा त्याच्यावर काही इलाज चालत नाही. गावात आरोग्यसेवक एक छोटी बाटली आणतात, पाणी घालून ठेवले आणि ते काळे पडले तर पाण्यात मैल्याची घाण आहे असे समजायचे. ती युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडली. स्वस्त आणि उत्तम. पण ती बाटली काळी पडली नाही म्हणजे पाण्यात धातू नाही असे मुळीच नाही. तो प्रश्न त्या बाटलीला विचारलेलाच नसतो.

धातूचे माप किती बारीक आहे तेही पाहा. आपल्या देशाच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम, यापुढे चालत नाही. हे आकडे डोक्यात बसत नाहीत. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्या अख्ख्या टँकरमध्ये मिळून कॅडमियम भरावे तीस मिलिग्रॅम, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याच्या वजनाइतके. त्यापुढे गेले की पाणी पिण्यालायक राहिले नाही. पाऱ्याची मर्यादा तर दाण्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. डोळ्याला हे दिसणार नाही, जिभेला कळणार नाही, नाकाला वास येणार नाही.

मांजरे, पाखरे आणि माणसे

जपानात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती, खाणीतले कॅडमियम नदीत येई आणि खालचे शेतकरी तेच पाणी भातखाचरांत घेत. भात नेहमीसारखाच दिसे. वर्षानुवर्षे तो खाऊन माणसांची हाडे ठिसूळ झाली, दुखणेकऱ्यांत बहुतेक प्रौढ आणि म्हाताऱ्या बायका. नुसत्या हालचालीने हाड मोडे. त्या दुखण्याला तिथल्या लोकांनी ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असेच नाव दिले. कारण कॅडमियम आहे हे जपान सरकारने मान्य केले १९६८ साली. मिनामाता गावात पाऱ्याने माणसे लुळी पडली, ते १९५६ मध्ये उघडकीस आले. पण माणसांच्या आधी तिथली मांजरे वेड्यासारखी गोल गोल फिरून मरत होती, कारण ती खाडीतली मासळी खात. मांजरांनी साक्ष दिली होती, ऐकणारा कोणी नव्हता. इंग्लंडातले खाणकामगार पिंजऱ्यात पाखरू घेऊन खाणीत उतरत. विषारी वायूने पाखरू कोसळले की माणसे बाहेर पळत.

या नरसिंहपूरची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. प्रल्हादाला बापाने विष पाजले आणि ते त्याला बाधले नाही. त्याच्या पाठीशी देव होता. आपल्या पाठीशी निदान तपासणी तरी असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

तर सांगायची गोष्ट अशी की विषाची पहिली खबर जिवंत प्राणी देतो, यंत्राचा नंबर नंतर लागतो. मग ज्याची खबर माणसाच्या किंवा मांजराच्या मरणातून येणार नाही, असा एखादा साक्षीदार आधीच नेमता येणार नाही का? शास्त्रज्ञांनी तो नेमला आहे. तो म्हणजे जिवाणू. दुधाचे दही करणारा, शेणखत कुजवणारा, हरभऱ्याच्या मुळावर गाठी करणारा, त्याच जातकुळीतला.

समुद्रात एक जिवाणू असतो, त्याचे शास्त्रीय नाव अलिव्हिब्रिओ फिशेरी. तो काजव्यासारखा प्रकाशतो. हा प्रकाश त्याच्या श्वासोच्छ्वासाशी बांधलेला आहे. जिवाणू धडधाकट असला तर उजेड भरपूर, विष अंगी लागले की उजेड मंद. परीक्षा करणारा काय करतो? थिजवून वाळवलेले जिवाणू पाण्यात पुन्हा जागे करतो, उजेड मोजतो, त्यात संशयित पाणी घालतो आणि पाच, पंधरा, तीस मिनिटांनी पुन्हा उजेड मोजतो. किती घटला त्यावरून पाणी किती विषारी ते ठरते. ही परीक्षा १९७० च्या दशकाच्या शेवटी निघाली आणि आज तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. जे दुधाच्या संघात दूध घालतात त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे दुधात निळा रंग टाकतात आणि तो किती वेळात उडतो त्यावरून दुधात जिवाणू किती ते सांगतात. जिवाणूच्या कामाचा वेग मोजून निकाल द्यायचा, तत्त्व तेच.

या साक्षीदाराचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर उद्या कोणी हे किट विकायला येईल आणि आपण फसू. तो विष आहे एवढेच सांगतो, कोणते ते सांगत नाही. कीटकनाशकानेही उजेड मंद होतो, शिशानेही होतो. पाणी गढूळ किंवा मळीसारखे काळपट असेल तर उजेड अडतो आणि विष नसतानाच विषाचा भास होतो, त्याचा वेगळा हिशेब करावा लागतो. तो समुद्राचा जीव असल्यामुळे आपल्या गोड्या पाण्यात आधी मीठ घालावे लागते. मिठाने काही धातूंचा, विशेषतः कॅडमियमचा, विषारीपणा बदलतो. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पुष्कळ धातूंच्या बाबतीत पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी पट धातू असल्याशिवाय हा जिवाणू दचकत नाही. उजेड घटला तर पाणी नक्की संशयित. उजेड घटला नाही म्हणून पाणी प्यावे, असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

नाव घेऊन सांगणारा जिवाणू

मग नेमका धातू सांगणारा जिवाणू आहे काय? आहे. तो कसा सापडला ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

जिथे पारा सांडतो तिथेही काही जिवाणू जगतात. १९७० च्या दशकात बेल्जियममधल्या एका जस्ताच्या कारखान्याच्या टाकीत असा जिवाणू सापडला की जो जस्त, कॅडमियम, शिसे यांच्या गाळात आरामात नांदत होता. हे जगतात कसे? त्यांच्या पेशीत एक पहारेकरी असतो. तो एक प्रथिन असतो आणि एका जनुकाच्या दारावर बसलेला असतो. पारा आत आला की तो नेमका याच पहारेकऱ्याला चिकटतो, पहारेकरी कूस बदलतो, दार उघडते आणि पाऱ्याचा बंदोबस्त करणारी यंत्रणा सुरू होते. पारा नसेल तर दार बंद. उगीच ताकद खर्च नाही, सरकारी खात्यासारखे बाराही महिने दिवे जाळत बसायचे नाही.

शास्त्रज्ञांनी विचार केला, या दाराच्या आत बंदोबस्ताच्या यंत्रणेबरोबर दिव्याचे जनुक बसवले तर? मग पारा आला की जिवाणू उजळेल. १९९३ साली सेलिफोनोव्हा, बर्लेज आणि बार्के या तिघांनी असा पारा ओळखणारा जिवाणू प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेत विषाने दिवा विझतो, इथे विषाने दिवा लागतो, आणि तोही त्या एकाच विषाने. आर्सेनिकसाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात त्याच्यासाठी, स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या व्हान देर मेर यांच्या गटाने असा जिवाणू तयार केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात व्हिएतनाममधल्या जवळजवळ दोनशे भूजल नमुन्यांवर तो लावून पाहिला. लिटरला दहा मायक्रोग्रॅम ही मर्यादा ओलांडली की नाही, हे शंभरातल्या सुमारे नव्वद नमुन्यांत त्याने यंत्राप्रमाणेच सांगितले. बंगालच्या सोमलाने बाधलेल्या खेड्यांत अशी परीक्षा किती कामी आली असती, याचा विचार करा.

हे तंत्र कपाशीवाल्यांना परके नाही. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले ते बीटी, त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. कारागिरी तीच. जनुक बदललेल्या जिवांसाठी आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत आणि असा जिवाणू बाटलीतून बाहेर सुटला तर काय, अशी भीती घालणारे युरोपातही आहेत, इथेही आहेत. आमचे म्हणणे असे आहे की बंद कुपीत ठेवून, काम झाल्यावर मारून टाकण्याचा जिवाणू आणि शेतात पेरण्याचे बियाणे यांना एकाच तागडीत तोलू नये. काळजी घ्यावी, पण काळजीच्या नावाखाली फाइल गाडून ठेवू नये. आज तरी शेतकऱ्याच्या हातात असे किट आलेले नाही.

पण साक्षीदार बाहेरून आणलाच पाहिजे असेही नाही. नदीतले जिवाणू नदीची हकीकत सांगतात. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले रामय्या आणि डे या शास्त्रज्ञांनी किनाऱ्याजवळच्या पाण्यातले जिवाणू पारा घातलेल्या खाद्यावर वाढवून पाहिले. जे मरतील ते मरतील, जे वाढतील ते पारा पचवायला शिकलेले. अशा पारा पचवणाऱ्यांची संख्या अनपेक्षितपणे वाढल्याचे त्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. पाण्यात पारा वाढत गेला की असेच जिवाणू तगतात, म्हणून त्यांची गणती म्हणजे पाण्याची झडतीच. गोवा विद्यापीठातल्या नाईक आणि दुबे यांनी गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या कचऱ्याने दूषित झालेल्या मातीतून शिसे सोसणारे जिवाणू वेगळे काढले.

आणि पुण्यात? ‘एमएसीएस’चे सोयाबीन आपल्यातल्या कित्येकांनी पेरले आहे. ते ज्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे, ती संस्था १९४६ ची, आता तिच्या संशोधन संस्थेला आघारकरांचे नाव आहे. तिथे डॉ. किशोर पाकणीकर यांनी जिवाणू आणि धातू यांच्या संबंधावर वर्षानुवर्षे काम केले. पुणे विद्यापीठात ढाकेफळकर आणि चोपडे यांनी १९९४ मध्ये दाखवले की निसर्गातले काही जिवाणू अनेक धातू सोसतात आणि त्यांच्यातले हे बळ औषधांना दाद न देण्याशी जोडलेले दिसते. म्हणजे नदीत धातू वाढला तर दवाखान्यातले इंजेक्शनही लागू पडेनासे होण्याची शक्यता. विद्या इथेच आहे, शंभर-दीडशे किलोमीटरवर. ती इथपर्यंत पोचलेली नाही, एवढेच.

किती आहे आणि किती बाधते

आता मुद्द्याचे. कोणी विचारेल, मोठे यंत्र दशलक्षांश भाग मोजते तर या जिवाणूंच्या भानगडीत पडावे कशाला? म्हणूनच गाळाचा विषय आम्ही आधी काढला होता.

यंत्रात घालण्याआधी गाळ तीव्र आम्लात उकळतात, त्यामुळे त्यातला सगळा धातू बाहेर येतो आणि एकूण आकडा मिळतो. पण पिकाचे मूळ आम्लात उकळत नाही. आपल्या काळ्या रानात चुनखडी असते, सामू आठच्या आसपास. अशा मातीत शिसे, कॅडमियम, जस्त चिकणमातीला आणि चुन्याला धरून बसतात, पिकाला फारसे मिळत नाहीत. एकूण आकडा मोठा, बाधा थोडी. क्रोमियमचे विषारी रूप आणि सोमल यांची गोष्ट उलटी. सामू वाढला की ते मोकळे फिरतात. तिथे आकडा लहान असूनही बाधा मोठी. आणखी एक. पाण्याखाली, हवा नसलेल्या गाळात धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो गाळ वर काढून उन्हात पसरला, हवा लागली की ही गाठ सुटू लागते. तळाशी निरुपद्रवी असलेला धातू माळावर आल्यावर उपद्रवी ठरू शकतो.

यंत्र किती आहे ते सांगते. जिवाणू त्यातले किती बाधते ते सांगतो, कारण पेशीच्या आत शिरेल तेवढेच त्याला कळते. दोन्ही साक्षी लागतात. उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आहे. दुष्काळात धरण उण्यात जाते आणि वर्षांचा गाळ उघडा पडतो, तेव्हा ट्रॅक्टर खाली उतरतात. त्या वेळी गाळ नेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. गाळाने किती रानांना रूप आले ते आम्ही पाहिले आहे. पण गाळ वाटणाऱ्याने त्याच्या दोन्ही परीक्षा केल्याचा कागद दाखवावा, हे मागण्याचा हक्क आपला आहे. ज्वारीचे मूळ धातू उचलते. दाण्यापेक्षा तो मुळात आणि ताटात जास्त राहतो. आपल्याकडे ताट म्हणजे कडबा, आणि कडबा म्हणजे दूध.

घरची परीक्षा

किट येईल तेव्हा येईल. तोवर एक परीक्षा घरी करता येते. ती जिवाणूंची नाही, पण जिवंत साक्षीदाराचीच आहे. साक्षीदार आहे कांदा. लेव्हान यांनी १९३८ मध्ये ती दाखवली.

इथे समोर दहा पेले मांडले आहेत, पाच दिवसांपूर्वी. सगळे कांदे एकाच वाणाचे, लहान, वरची सुकी साल काढलेले, बुडाची जुनी मुळे खरवडलेली, पण मुळांचे कडे न दुखवता. बूड पाण्याला जेमतेम टेकलेले. उन्हात ठेवले नाहीत, पाणी रोज बदलले. डावीकडच्या पाच पेल्यांत साधे गोडे पाणी आहे. उजवीकडच्या पाचांत त्याच पाण्यात मोरचुदाची बारीक चिमूट, म्हणजे तांबे. द्राक्षवाले फवारतात तेच. उचलून बघा. डावीकडच्या मुळ्या बोटभर पांढऱ्या आहेत. उजवीकडे खुंट आहेत, टोके जाड झालेली, काही आकड्यासारखी वळलेली.

तुम्ही विचाराल, संगमाच्या पाण्याचा पेला का मांडला नाही? मुद्दाम मांडला नाही. एका दिवसाच्या एका पेल्यावरून नदीवर ठपका ठेवला तर उद्या कोणीही आपल्याला खोडून काढील. पाच कांदे आपल्या पाण्याचे आणि पाच चांगल्या पाण्याचे, मुळ्या पट्टीने मोजायच्या, सरासरी काढायची. निम्म्याने घटली तर गोष्ट गंभीर. मात्र आपल्या कित्येक बोअरचे पाणी मचूळ असते आणि नुसत्या क्षारानेही मुळी खुंटते. म्हणून क्षारांचा कागद शेजारी ठेवूनच निकाल वाचा. कांद्यालाही धातूचे नाव सांगता येत नाही, आणि पिण्याच्या मर्यादेइतका बारीक धातू त्यालाही कळत नाही. तो फक्त धोक्याची घंटा वाजवतो. घंटा वाजली की पुढच्या परीक्षेचे पैसे खर्च करायचे.

पुढच्या परीक्षेसाठी बाटल्या दोन भराव्या लागतात आणि इथे पुष्कळांची चूक होते. यंत्रासाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात, नाहीतर धातू बाटलीच्या अंगाला चिकटून बसतो. ते आम्ल प्रयोगशाळेतूनच घालून आणा, घरी हात लावू नका. जिवंत परीक्षेच्या बाटलीत आम्ल नको, ब्लीचिंगही नको, ती बर्फात ठेवून दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवायची. एकच बाटली दोन्हीकडे दिली तर जिवाणू आम्लाने मरेल आणि दोष नदीला लागेल.

कायद्याचेही समजून घ्या. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे न्यायालयात चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच रीतसर घ्यावा लागतो. आपल्या कांद्यावर खटला उभा राहणार नाही. पण पाच गावांतल्या मुळ्यांची मापे, तारीख आणि जागा लिहून, एकत्र अर्जाला जोडली, तर नमुना घ्यायला या, असे म्हणायला आधार मिळतो. मंडळाने आधी काही तपासले असेल, तर त्याचे आकडे २००५ च्या माहिती अधिकारात मागता येतात. अर्जात ‘पाण्याची तपासणी’ असे मोघम लिहू नका. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक अशी नावे घालून मागा आणि गाळाचे आकडे वेगळे मागा. मोघम मागितले की सामू आणि क्षार हातात पडतात, हा अनुभव आम्ही घेतला आहे.

आता जेवणाच्या आधी प्रत्येक गावाच्या दोघांनी घाटावर यावे. एक कळशी भीमेची, एक नीरेची आणि एक दोन्ही मिसळल्यावरची, संगमाच्या खालून. बरोबर मंदिराजवळच्या हापशाचे पाणीही घेऊ, तुलनेला काहीतरी पाहिजे. कांदे आणले आहेत, चार पाण्यांसाठी गावागणिक वीस. आज मांडायचे, रोज पाणी बदलायचे, त्यासाठी प्रत्येकाने डबा भरून न्यायचा. पाचव्या दिवशी मोजायचे. मुळ्या मोजताना मायबहिणींनी पट्टी आपल्या हातात घ्यावी, पुरुषमंडळी घाईत गोळाबेरीज करतात. मापे वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा. जी निघतील ती, नदीच्या बाजूची असोत की विरुद्ध, याच अंकात छापू.